दोन खोल्यांच्या मधोमध

पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी येऊन भाऊ थांबले. कागदी पेला काढला, अर्धा भरला आणि न पिताच हातात धरून उभे राहिले. डावीकडच्या खोलीतला जनरल नुकताच टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, "त्या चोरांना सांगा, पूल आमचा आहे, त्यांच्या बापाचा नाही. पाऊल ठेवलं तर तंगड्या तोडून हातात देऊ." हे वाक्य घेऊन भाऊंना उजवीकडच्या खोलीत जायचं होतं. मध्ये लांबलचक कॉरिडॉर, राखाडी गालिचा, भिंतीवर कुठल्याशा सरोवराचं चित्र आणि बरोबर अर्ध्या वाटेवर हे यंत्र.

भाऊंनी दोन घोट घेतले. पेला टोपलीत टाकला. मग उजवीकडच्या खोलीत शिरून, खुर्ची ओढून, घरच्यासारखं ऐसपैस बसत ते म्हणाले,

"पुलाचा विषय त्यांच्या फार जिव्हाळ्याचा आहे. तिथं घाई होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा दिसते."

समोरचा मंत्री मिशीतल्या मिशीत हसला.

"जनरल असं म्हणाले?"

"आशय तोच."

"बरं. मग त्या आशयाला सांगा, आम्हालाही घाई नाही."

भाऊ उठले आणि पुन्हा चालायला लागले.

जगभर त्यांचं नाव होतं ते या चालण्यासाठी. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं दोन खोल्यांत बसवायची आणि मधल्या वाटेनं आपण निरोप न्यायचे. वाट संपेपर्यंत निरोपातला डंख गळून पडलेला असायचा. दोन्ही खोल्यांना हे पक्कं ठाऊक असे. विचारत मात्र कुणी नसे. विचारलं तर मूळ वाक्य ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकायची हौस कुणाला? नवे अधिकारी भाऊंच्या हाताखाली शिकायला यायचे तेव्हा भाऊ सांगायचे, "धावत जाऊ नका रे. मध्ये थांबा. पाणी प्या. वाक्य जरा निवू द्या."

ही विद्या त्यांनी काही विद्यापीठात मिळवली नव्हती. पाण्याच्या नळावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेल्या दोन गल्ल्या, कारखान्याचा मालक आणि संपावरचे कामगार, वाटणीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ, सगळे त्यांच्याकडे यायचे. त्यातूनच आधी नगरपालिका, मग विधिमंडळ आणि मग पाटबंधारे खातं. मंत्री असताना त्यांनी शेजारच्या देशाशी नदीवरून चाललेला जुनापुराणा तंटा मिटवला आणि त्याच वर्षी निवडणुकीत सणकून आपटले. नदी आली होती, पण मतदारांना रस्ता हवा होता. जागतिक संघटनेनं मात्र नदी बघितली. या संघटनेचा विशेष दूत म्हणून भाऊ परदेशी गेले, आणि बारा वर्षांत चढत चढत संघटनेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत जाऊन बसले. आता लोक त्यांना 'महामहिम' म्हणायचे. 'भाऊ' म्हणणारं तिकडे कुणी नव्हतं.

आणि घरी? घरी दर रविवारी फोन.

रविवारी सकाळी भाऊ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनपाशी बसायचे, जणू फोनला दिसणार आहे. नवव्या मजल्यावरची ती सरकारी थाटाची सदनिका, बारा माणसांचं जेवणाचं टेबल, त्याच्या एका कोपऱ्यावर एक ताटली, एक पेला. उरलेल्या टेबलावर वर्तमानपत्रं पडलेली. आठवडाभर माणसांच्या गराड्यात असलेल्या माणसाला रविवारी आपल्या चपलेचा आवाज ऐकू यायचा. भाऊंना एकटं वाटायचं. फार एकटं वाटायचं, त्यात लपवायचं काय! पण सांगायचं कुणाला? महामहिमांनी असलं काही बोलायचं नसतं, आणि दारावरच्या रखवालदाराला त्यांची भाषा येत नव्हती.

फोन चिमी करायची. चिमी त्यांची एकुलती एक मुलगी. दोन तासांवरच्या शहरात तिचं चष्म्यांचं दुकान, नवरा, संसार. पण रविवारी ती न चुकता आईकडे यायची आणि आईच्या स्वयंपाकघरातून बाबांना फोन लावायची.

"बाबा, आई म्हणते, तिकडे थंडी वाढलीय म्हणे. कानाला गुंडाळून बाहेर पडत जा."

"तिला म्हणावं, गुंडाळतो."

"आई म्हणते, टीव्हीवर दिसलात. वाळलात जरा."

"असं म्हणाली?" भाऊ खूश व्हायचे. मग मागून भांड्यांचा आवाज यायचा. खरं सांगायचं तर चिमीच्या बोलण्यापेक्षा भाऊंचं लक्ष त्या आवाजाकडेच जास्त असायचं. पातेलं आपटलं, की हळू ठेवलं? आज कशी आहे ती?

बाई स्वतः फोनवर येत नसत. बाई म्हणजे भाऊंची बायको. शाळेत शिकवायच्या म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं, आणि पुढे पुढे भाऊही तसंच म्हणायला लागले. निवडणूक हरल्यावर भाऊंनीच त्यांना म्हटलं होतं, "सोड आता शाळा. पुष्कळ झालं दोघांचंही. आता निवांत राहू." त्या वर्षी बाई मुख्याध्यापिका होणार होत्या. तरी सोडली त्यांनी शाळा. आणि पुढच्याच महिन्यात भाऊंच्या सत्काराची सभा झाली. भाऊंनी माईक हातात घेतला आणि जाहीर करून टाकलं की संघटनेचं बोलावणं आलंय, आपण स्वीकारलंय, आठवडाभरात निघतो आहोत. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना सगळ्या गावाबरोबर कळलं.

यात भाऊंच्या मनात पाप नव्हतं. राजकारणातल्या माणसाची खोड ती. चांगली बातमी हातात आली की तिला आधी माईक दाखवायचा. घरी आल्यावर ते उत्साहानं म्हणाले, "अगं, तुलाही घेऊन जाणार ना मी."

बाई म्हणाल्या, "ते कोणत्या सभेत जाहीर करणार आहात?"

त्या गेल्या नाहीत. भाऊ रजेवर आले की घर माणसांनी भरलेलं असायचं. बाई सगळ्यांना चहा द्यायच्या, त्यात भाऊंनाही द्यायच्या. चिमीच्या लग्नात दोघं फोटोपुरते शेजारी उभे राहिले. बाकी जे काही बोलणं व्हायचं ते चिमीच्या तोंडून. आई म्हणते, बाबा म्हणतात.

भाऊंची मुदत संपत आली तेव्हा संघटनेच्या प्रमुखांनी त्यांना बोलावून आणखी चार वर्षं देऊ केली. इतका मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. भाऊंनी विचार करायला वेळ मागून घेतला, आणि त्याच रविवारी चिमी फोनवर म्हणाली,

"बाबा, आई म्हणते, आता पुरे झालं. घरी या."

भाऊ खुर्चीत सरळ झाले. "काय म्हणाली? पुन्हा सांग."

"आता पुरे झालं. घरी या."

जसंच्या तसं सांगितलं तिनं. भाऊ नव्या पोरांना नेहमी शिकवायचे की खरा निरोप दुसऱ्यांदा सांगताना थोडा इकडचा तिकडे होतोच. जसाच्या तसा येतो तो पाठ केलेला. पण त्या सकाळी त्यांना हे काही आठवलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आठवणार कसं? त्यांनी सोमवारीच नकार कळवून टाकला. प्रमुखांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो. मन बदललं तर एक फोन करा." भाऊ हसले. मन कशाला बदलतंय!

दोन बॅगा घेऊन ते दारात उतरले तेव्हा दार बाईंनीच उघडलं. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. भाऊंनी तोंड उघडायच्या आत बाईंनी मान आत वळवून हाक मारली,

"चिमी, बाबांना सांग, बाथरूमचा नळ हळू फिरवायचा. सैल झालाय."

भाऊ चपला काढता काढता थांबले. मग मनाशी म्हणाले, असू दे, एवढ्या वर्षांची सवय आहे, जाईल हळूहळू.

चिमी दुकान आणि मुलगा नवऱ्यावर सोपवून थोडे दिवस राहायला आली होती. घर जुन्या पद्धतीचं, लांबोळकं. पुढे भाऊंची खोली, मागे स्वयंपाकघर, दोहोंच्या मध्ये अरुंद वाट, आणि त्या वाटेवर अर्ध्यात भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट. आत जाणाऱ्याला जरा अंग चोरूनच जावं लागायचं. पुढच्या खोलीत भाऊ बसत आणि मागच्या खोलीत बाई असत. चिमी येरझाऱ्या घालायची.

"आई म्हणते, जेवायला या."

"बाबा म्हणतात, भाजी छान झालीय."

भाऊ वाट बघत होते. ज्या बाईनं 'घरी या' म्हणून निरोप धाडला ती आज ना उद्या समोर येऊन बसेल, काहीतरी बोलेल. का कोण जाणे, बाईंचाही चेहरा कशाची तरी वाट बघत असल्यासारखाच दिसायचा. भाऊंना वाढताना त्यांचा हात ताटावर जरा रेंगाळायचा. भाऊ 'पुरे' म्हणायचे आणि त्या निघून जायच्या.

एका दुपारी भाऊ पुढच्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. घर शांत होतं. मागं बाई काहीतरी बोलल्या. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तोडून टाकणारा सूर. मग चिमीची पावलं निघाली. एक, दोन, तीन, आणि थांबली. भाऊंनी डोळे उघडले. कपाटापाशी पावलं थांबली होती. वाटेत काही नव्हतं, कुणी नव्हतं. पावलं नुसती उभी होती. तेवढ्यात चिमीनं एक खोल श्वास घेतलेला त्यांना ऐकू आला, आणि मग ती पुढे आली. चेहरा हसरा.

"बाबा, आई म्हणते, उन्हाचं बाहेर पडू नका. जरा पडा."

भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. अरेच्चा! हे थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं. जन्मभर ते हेच करत आले होते. फक्त पाण्याचं यंत्र तेवढं नव्हतं.

"कपाटापाशी का थांबलीस?"

"कुठं? छे. चप्पल अडकली."

घरात चप्पल घालायची नाही, हा बाईंचा नियम होता. चिमी अनवाणी होती.  थोड्या वेळानं भाऊंनी तिला हाक मारली आणि म्हणाले, "आईला म्हणावं, वर्तमानपत्र तिकडे असेल तर दे." चिमी गेली. भाऊ उठून दाराशी उभे राहिले. पावलं कपाटापाशी थांबली. मग आतून चिमीचा आवाज आला, स्वच्छ, लाघवी.

"आई, बाबा म्हणतात, सकाळपासून उभी आहेस. बस की जरा. आणि पेपर झालाय का गं तुझा?"

भाऊ परत येऊन खुर्चीत बसले.  भल्याभल्या जनरलांना आणि मंत्र्यांना ज्यानं बारा वर्षं बोळवलं, त्याला घरच्या पोरीनं बोळवलं होतं. आणि कसं! कानाला गुंडाळा. वाळलात जरा. दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून जे त्यांनी ऐकलं, आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं, ते सगळं या कपाटापाशी तयार झालेलं होतं.

चिमी वर्तमानपत्र घेऊन आली. भाऊंनी ते घेतलं नाही.

"दार लोटून घे. बस."

ती बसली.

"'घरी या' हे कोण म्हणालं?"

चिमीनं वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी."

"आणि आधीचं? थंडीचं? टीव्हीचं?"

तिनं घडी पुन्हा उलगडली.

"सगळंच?"

"सगळंच, बाबा."

बाहेरून एक भंगारवाला ओरडत गेला. 

"मी तिकडची खुर्ची सोडून आलो, चिमे. त्या एका वाक्यावर."

"माहितीय मला." तिनं वर्तमानपत्र बाजूला टाकलं. "मी काय करू मग? दमले हो मी. माझा मुलगा शाळेत जायला लागला आणि मी अजून दर रविवारी इथं येऊन तुमची वाक्यं तिला आणि तिची तुम्हाला देत बसलेय. दुकानात गिऱ्हाईकाला नंबर सांगताना माझ्या डोक्यात काय, तर आता या रविवारी आई काय म्हणेल? मला वाटलं, एकदा एका घरात आणून सोडलं की तुमचं तुम्ही बोलाल."

"आणि आईला काय सांगितलंस? मला घ्यायला ती तयार कशी झाली?"

चिमीनं पदरानं नाक पुसलं.

"सांगितलं की बाबा माफी मागणार आहेत. समोरासमोर."

"मी असं कधी म्हणालो?"

"नाही म्हणालात. तेच तर."

भाऊंना एकदम बाईंचा ताटावर रेंगाळणारा हात आठवला. म्हणजे ती माफीची वाट बघत होती आणि आपण 'पुरे' म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी निघाली. तिची बॅग भाऊंनी टॅक्सीपर्यंत नेली. बाई पायरीवर उभ्या होत्या. चिमीनं आईला मिठी मारली, मग बापाला. टॅक्सीत बसून काच खाली करत म्हणाली,

"आता काय ते तुमचं तुम्ही बघा, बाबा."

टॅक्सी वळली. भाऊंनी मागे पाहिलं तर पायरी रिकामी होती.

ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं फोन वाजला. प्रमुखांच्या कचेरीतून होता. सचिव अदबीनं म्हणाली की उद्या महिन्याचा शेवटचा दिवस, महामहिमांनी काही ठरवलं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं, विमानाचं तिकीट काढून ठेवता येईल. भाऊ "कळवतो" म्हणाले. तिचा आवाज इतका अदबशीर होता की त्यांना क्षणभर तिथंच जाऊन बसावंसं वाटलं. तिथं प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी त्यांची वाट बघत असतं, ते आले की उठून उभं राहतं. इथं मागच्या खोलीत एक बाई होती आणि तिच्याकडून त्यांना तिकडे एकही शब्द आलेला नव्हता. बारा वर्षांतला एकही नाही. जावं की परत. काय बिघडलं? बॅगा तर अजून पुरत्या उघडल्याही नव्हत्या.

ते उठले. एका बॅगेची चेन ओढली, तशीच सोडली. आणि मधल्या वाटेला लागले.

कपाटापाशी पाय आपोआप थांबले. डोकंही आपोआप चालू झालं. 'त्या काळात ज्या परिस्थितीत जे निर्णय घेतले गेले, त्यातून उभयपक्षी जो दुरावा...' भाऊंनी स्वतःच कपाळावर हात मारला. उभयपक्षी! स्वयंपाकघरात! तोच हात खाली येताना कपाटाच्या पत्र्यावर आदळला, आवाज झाला, स्वयंपाकघरातली खुडबुड थांबली. आता माघार नव्हती. बाईंना कळलं होतं की कुणीतरी मध्ये उभं आहे, आणि यावेळी ती चिमी नाही.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. बाई टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. समोर शेंगांचा ढीग, एका बाजूला पातेलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी तुला आधी सांगायला हवं होतं," भाऊ म्हणाले. पुढचं वाक्य तयार नव्हतं. असं तयार नसलेलं वाक्य त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारलं नव्हतं. "घरात. एकटीला. माझ्या शब्दावर तू शाळा सोडलीस, मुख्याध्यापिका व्हायची होतीस, आणि मी तिकडे माईकवरून... चुकलं माझं."

एक शेंग फुटली. दाणे पातेल्यात पडले.

"हे तुमचं, की चिमीचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, जाताना तिनं पढवून ठेवलंय, की तुमच्या डोक्यातून आलं?"

भाऊंनी दाराची चौकट धरली.

"तुला ठाऊक होतं?"

"अहो, थापा ऐकण्यातच माझा जन्म गेला. वर्ग भरून पोरं समोर बसायची. स्वतःच्या पोरीच्या थापा कळायच्या नाहीत मला?" बाईंनी दुसरी शेंग घेतली. "पहिल्याच रविवारी कळलं. म्हणाली, बाबा म्हणतात, इथं सगळं आहे, पण तुझ्यावाचून जीव रमत नाही. तुम्ही? असलं वाक्य? आयुष्यात कधी म्हणालात?"

"म्हणालो नव्हतो," भाऊ म्हणाले. "पण खरं होतं ते."

"असेल. मला कुठून कळणार?" त्यांनी दाणे पातेल्यात लोटले. "छान बोलायची हो तुमच्या वतीनं. मी ऐकून घ्यायचे. रविवारची वाट बघायचे मी."

भाऊंना आपला इस्त्रीचा सदरा आठवला. ते काहीतरी सांगणार होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"आणि तू? माझ्यासाठी तू कधीच काही निरोप..."

"नाही. एक शब्द नाही."

"मग मला येऊ का दिलंस?"

"पोरगी दमली होती."

इतकंच म्हणाल्या बाई. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं भाऊंना वाटून गेलं. राग मिटवायची कला त्यांना येत होती. ते तसेच उभे राहिले, बसावं की जावं ते न कळून.

"तुमची खुर्ची अजून रिकामी आहे म्हणे," बाई म्हणाल्या.

"आहे. उद्यापर्यंत."

"जायचं असेल तर मला आधी सांगा. एवढंच."

"नाही जायचं."

बाईंनी आणखी एक शेंग घेतली. भाऊंच्या खिशातला फोन वाजला. चिमीचा होता. वाटेत कुठंतरी टॅक्सी थांबवून केला असावा, मागे गाड्यांचा आवाज येत होता.

"बाबा? बोललात? आई काय म्हणते?"

भाऊंच्या जिभेवर एकदम तीन-चार वाक्यं येऊन उभी राहिली. गोड, गोल, दोन्ही बाजूंना चालतील अशी. हात जोडून उभी असल्यासारखी. आयुष्यभर असल्या वाक्यांनी त्यांना दगा दिला नव्हता. भाऊंनी समोर पाहिलं. बाईंचे हात थांबले होते. शेंग अर्धी उघडून त्या ऐकत होत्या.

"मी विचारलं, मला येऊ का दिलंस," भाऊ म्हणाले. "आई म्हणते, पोरगी दमली होती."



"असं म्हणाली?" चिमी हळूच म्हणाली.

"शब्दन् शब्द."

ती हसली की रडली ते गाड्यांच्या आवाजात कळलं नाही. "बरं," म्हणाली, "ठेवते मी," आणि फोन बंद झाला.

भाऊंनी फोन खिशात ठेवला. बाईंनी हातातली शेंग पूर्ण सोलली. मग समोरच्या ढिगात हात घालून त्याचे अंदाजे दोन भाग केले आणि एक भाग टेबलाच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला.

"किडके वेगळे काढा," त्या म्हणाल्या.